दोन डगले

२३ ऑगस्ट १४८५, मंगळवार

राजा मारला गेला. आपला राजा, रिचर्ड.

दुपारी वेशीवर घोडेस्वार आला. मी पाण्याला गेले होते. बादली तिथेच टाकून पळत घरी आले. गिल्बर्ट नेहमीसारखा टेबलावर मांडी घालून शिवत बसला होता. सांगितलं. त्याने सुई कापडात टोचून ठेवली आणि म्हणाला, "आणि मायल्स?"

मायल्स माझा दीर. राजाच्या मदतीला यॉर्क शहराने माणसं पाठवली, त्यांत तोही गेलाय. त्याचं काय झालं कुणालाच माहीत नाही.

समोरचा गुत्ता मार्जरीचा. ती भर रस्त्यात उभी राहून रडत होती. "आपल्याच माणसांनी दगा दिला गं! ऐन वेळी फिरले मेले!" आज तिला गप्प बस म्हणून कुणी सांगितलं नाही. उद्या सांगतील.

२४ ऑगस्ट

मायल्सची खबर नाही. भाकरी करपली. तशीच खाल्ली.

२७ ऑगस्ट

आला! हातीपायी धड आहे. पण बोलत नाही. बुटांसकट कोपऱ्यात जाऊन बसला. मी पेज पुढे ठेवली तेव्हा तोंड उघडलं — "वहिनी, आम्ही चालत होतो गं. आम्ही चालत होतो आणि तिकडे तो मरत होता."

लढाईच्या जागी पोचलेच नाहीत. वाटेतच पळणारी माणसं भेटली. त्यांनी सांगितलं, की राजाचं प्रेत उघडंनागडं घोड्यावर आडवं टाकून नेलं. लोक थुंकत होते म्हणे.

मायल्सच्या डोक्यात हे आता कायम राहणार. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला होता, तेव्हा रिचर्ड राजा नव्हता, इकडचा सरदार होता. आळ घेणारा खुद्द त्याचाच कारभारी. तरी त्याने मायल्सला सोडलं आणि कारभाऱ्याला हाकललं. फास गळ्यापर्यंत आला होता मायल्सच्या. असा माणूस कसा विसरेल?

१४ सप्टेंबर

शहरभर पांढरी रानडुकरं मारायचं काम चालू आहे! मेलेल्या राजाचं ते निशाण. दारांवरून, झेंड्यांवरून, खिडक्यांवरून सगळीकडून खरवडतायत. मार्जरीच्या गुत्त्याच्या पाटीवरही तेच होतं. तिने सुळे पुसले आणि वर शिंगं काढली. "आता मेंढा आहे तो," म्हणते, "कुणी विचारलं तर लहानपणापासून मेंढाच होता म्हणून सांगा."

सगळे हसलो. हसताना प्रत्येकाने एकदा मागे वळून पाहिलं.

३ ऑक्टोबर

दोन महिन्यांपूर्वी ज्याच्यासाठी मेणबत्त्या लावत होते, तो आता कुबडा झालाय. हात वाळका होता म्हणे. दात घेऊनच जन्मला म्हणे. आणि सगळ्यांत मोठं — पुतण्यांना मारलं. मोठा भाऊ वारला तेव्हा त्याची दोन पोरं ह्याच्या पदरात आली. एक बारा वर्षांचा, एक दहाचा. गादी खरं तर थोरल्याची. ह्याने दोघांना लंडनच्या बुरुजात ठेवलं, आणि स्वतः राजा झाला. पोरं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

मार्जरी म्हणते, "कोण जाणे बाई. मोठ्या घरचं काय सांगावं!"

गिल्बर्टला कुबडाची गोष्ट सांगितली तर तो वैतागला. "मी त्याच्या अंगाला माप लावलंय. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर. डाव्या बाजूला थोडी लोकर भरली की झालं काम. कुबड कुठलं?"

आणि पोरांचं, मी विचारलं.

तो दोरा ओवायला लागला.

४ ऑक्टोबर

लिहू का नको, करत होते. लिहिते. हे कागद कपडे बेतायचे, जुने. त्यांच्या पाठीवर मी लिहिते आणि चिंध्यांच्या पोत्यात तळाशी घालते. मला लिहितावाचता येतं हे फक्त गिल्बर्टला आणि मायल्सला ठाऊक. माझी मावशी मठात होती, तिने शिकवलं. आता वाटतं, नसतं शिकवलं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी राजा यॉर्कला आला होता, तेव्हा त्याच्या कपड्यांच्या कोठाराच्या माणसाने गिल्बर्टचं काम पाहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तोच माणूस परत आला. दोन डगले हवेत. थंडीचे. मेंढीच्या कातड्याचं अस्तर. मापं त्याने सोबत आणली होती. एक बाराचा पोरगा, एक दहाचा. कुणासाठी ते सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

अस्तर मी लावलं. बाह्यांत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवलं. वाढत्या अंगाची पोरं! आमचा होता तो चौथ्या वर्षीच गेला. बाहीत जास्तीचं कापड ठेवायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. म्हणून मी फार मायेने ठेवलं.

ऑक्टोबरच्या मध्याला गिल्बर्ट डगले पोचवायला राजाच्या इकडच्या किल्ल्यावर गेला. दोन दिवसांनी रिकाम्या हाताने परत आला. "दिले," म्हणाला.

पोरांना उन्हाळ्यातच मारलं असं आता लोक म्हणतात. मग ऑक्टोबरात डगले कुणाला?

मायल्सला हे माहीत आहे. त्या वेळी तो आमच्याकडेच राहत होता. त्याने शपथ घेतली आहे की बोलणार नाही.

१२ नोव्हेंबर

बोलला.

काल मार्टिन संताचा सण. घरोघर डुकरं कापलेली, गुत्त्यात ही गर्दी. लोकरीच्या व्यापाऱ्याचा एक नोकर पिऊन म्हणाला, "कुबडं कुत्रं ते! खड्ड्यात पुरलं, तीच त्याची लायकी." मायल्सने स्टूल उचलून त्याच्या डोक्यात घातलं. एवढ्यावर थांबला असता तर! स्टुलावर चढून ओरडला, "त्याने पोरांना मारलं म्हणता? मग माझ्या भावाने ऑक्टोबरात त्या पोरांचे डगले कुणासाठी शिवले? मेलेल्यांना थंडी वाजते काय रे?"

मार्जरी धावत सांगायला आली. तिचा चेहरा पांढराफटक. "एमोट, तुझ्या दिराने काय केलंय तुला कळतंय का गं?"

मला कळत होतं. नवा राजा हेन्री त्या पोरांच्या बहिणीशी लग्न करणार आहे. तिच्या हक्कावर त्याची गादी पक्की होणार. पोरं मेलेली असतील तरच तिचा हक्क. जिवंत असतील तर? तर गादी त्यांची! कुबडा म्हणा, राक्षस म्हणा, त्याने कुणाचं काही जात नाही. पण पोरं जिवंत होती असं म्हणणं — त्याला फाशी आहे.

मायल्सला पकडून नेलं. नोकर वाचलाय. देवाची कृपा.

१३ नोव्हेंबर

गिल्बर्ट कोठडीवर गेला होता. भेटू दिलं नाही. भाकरी आणि खारे मासे आत घेतले.

१५ नोव्हेंबर

गल्लीतून जाताना लोक बोलणं थांबवतात. कापड टाकून गेलेल्या दोघी कापड परत घेऊन गेल्या. एक म्हणाली, "घाई नव्हती तशी." दुसरीने कापड मोजून घेतलं.

कागद जाळायला काढले. चुलीपाशी बसले. मग परत पोत्यात घातले. जाळले तर मी कुणाशी बोलू? गिल्बर्टशी बोलायला गेलं की तो म्हणतो, "झोप."

२१ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एक माणूस आला. मास्टर स्पॉफर्थ. नव्या राजाच्या कचेरीचा कारकून. मी राक्षसाची वाट पाहत होते, आणि आला कोण, तर खोकणारा, बारीकसा, नम्र माणूस. दारात बूट पुसले. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, शेकायला थोडं बसू का? तुमच्याकडची थंडी हाडांत शिरते."

मग बाही पुढे केली. शिवण उसवली होती. "एवढं घालून द्याल का टाके? अंगावरच घाला, काढायचा कंटाळा."

आणि गिल्बर्ट त्याच्या मनगटाशी सुई घेऊन बसला! तो शिवतोय आणि हा विचारतोय. इतक्या गोड आवाजात! जसं काही हवापाण्याच्या गप्पा.

"डगले किती?"

"दोन."

"कुणाचे?"

"सांगितलं नाही साहेब. आम्ही मापं बघतो, माणसं नाही."

"मग? नेले कुणी?"

"मी पोचवले. कोठाराच्या माणसाला दिले."

सुई हलली नाही. एकदाही नाही. मी लोकर पिंजायला बसले.

स्पॉफर्थ म्हणाला, "तुमचा भाऊ तापट आहे, पण वाईट नाही. मला कुणाला लटकवायची हौस नाही हो. मला फक्त कागद स्वच्छ हवाय. लोक गुत्त्यात ऐकलेलं बोलतात. राजाला खरं काय ते हवंय."

त्याने टेबलावर कागद पसरला. बराच वेळ लिहीत होता. मग वाचून दाखवलं — की मी, गिल्बर्ट, शिंपी, अमुक साली दोन डगले शिवले, ते कुणासाठी हे मला माहीत नव्हतं, आणि मेलेल्या राजाच्या पाठीत खोट होती. गिल्बर्ट म्हणाला, "खोट नाही साहेब, खांदा —" स्पॉफर्थ हसला. "खांदा पाठीलाच जोडलेला असतो ना?"

मी लोकर ठेवून त्याच्या मागे येऊन उभी होते. कागद मला दिसत होता.

कागदावर ते नव्हतं! त्याने जे वाचलं ते तिथे नव्हतंच. लिहिलं होतं — दोन राजपुत्रांसाठी डगले सांगितले होते. आणि मग डगले तयार असतानाच राजाच्या माणसाकडून निरोप आला, की 'आता त्यांची गरज उरली नाही.'

गरज उरली नाही! म्हणजे तोवर मारली. म्हणजे शिंप्याच्याच तोंडून खून शाबीत. मायल्सने ज्या गोष्टीने राजाला निर्दोष ठरवलं, तीच ह्याने उलटी करून फासासारखी त्या राजाच्याच गळ्यात घातली. एका ओळीत!

माझा श्वास बदलला असावा. स्पॉफर्थने मान वळवली. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

कोठडीतला मायल्स डोळ्यांपुढे आला. त्याचा जाड लालसर गळा.

"नाही," मी म्हणाले. "मला कुठलं?"

"बरं आहे," तो म्हणाला. "डोळे टिकतात."

गिल्बर्टने खाली कात्रीची खूण केली. तीच त्याची सही. स्पॉफर्थने बाही निरखून पाहिली. "सुरेख टाका आहे. दिसतसुद्धा नाही." आणि गेला.

गिल्बर्टने विचारलं, "नीट झालं ना गं?"

मी हो म्हणाले.

२३ नोव्हेंबर

मायल्सला सोडलं. पाठीवर फटके आहेत, पण चालतो. त्याला वाटतं दया आली त्यांना. "बघ वहिनी, खरं बोललं की सुटतो माणूस!"

मी मलम लावत होते. वाईट काय ते हेच, की तो हसत होता.

८ डिसेंबर

काही नाही. काहीच घडत नाही. दारावर थाप पडली की हातातलं काम खाली ठेवते. थाप गिऱ्हाइकाची असते.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. तिघं जेवलो. मायल्सने मेलेल्या राजाच्या नावाने हळूच पेला उचलला. गिल्बर्टने उचलला नाही. पेल्याकडे बघत राहिला. मला वाटलं, घाबरलाय. सगळेच घाबरलेत, त्याला काय नाव ठेवायचं?

३० जानेवारी १४८६

लंडनला लग्न झालं. नव्या राजाचं आणि त्या पोरांच्या बहिणीचं. चर्चच्या घंटा वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या म्हणून आम्हीही आनंदी.

तो कागद कुठल्या तरी पेटीत पडला असेल. धूळ बसली असेल त्याच्यावर. रोज स्वतःला हेच सांगते.

१८ एप्रिल

राजा यॉर्कला येतोय. रस्ते झाडतायत, कमानी बांधतायत. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी त्या राजासाठी कमानी बांधल्या, तेच सुतार. मार्जरी म्हणाली, "खांब पण तेच आहेत गं, रंग तेवढा नवा." आम्हाला चाळीस लाल गुलाबांचं काम आलंय, कापडाचे; नव्या राजाचं निशाण ते. माझी बोटं सुजली. काम आहे तोवर भीती वाटत नाही. म्हणजे कमी वाटते.

२३ एप्रिल, रविवार

हे कसं लिहू.

मोठ्या चर्चमध्ये गेलो, तिघं. राजा पुढे बसला होता, मला फक्त टोपी दिसली. एक लठ्ठ पाद्री उपदेशाला उठला. बायबलातल्या हेरोद राजाने कोवळी मुलं कशी मारली ते सांगायला लागला. आणि मग म्हणाला, हेरोद कुठे दूर देशात शोधायला नको. तुमच्याच शहराने त्याला पोसलं. तुमच्याच शहरातल्या एका शिंप्याने त्या राजपुत्रांचे डगले शिवले होते. आणि काय निरोप आला त्या गरीब शिंप्याला? "आता त्यांची गरज उरली नाही!" त्याने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा हळू. बायका हुंदके द्यायला लागल्या.

सगळं चर्च वळून आमच्याकडे बघत होतं. कुणी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती.

गिल्बर्टने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की अजून वळ आहेत. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब. माझ्या कानाशी म्हणाला, "हे त्याला कुणी सांगितलं?"

मायल्स उठून बाहेर गेला. ताठ मानेने, सगळ्यांच्या देखत.

घरी येऊन मी सांगून टाकलं. सगळं. की मी वाचलं होतं. की स्पॉफर्थने ते मनाने लिहिलं, आणि मी गप्प बसले, मायल्ससाठी. गिल्बर्ट ऐकत होता.

"मनाने लिहिलं?" त्याने विचारलं.

"हो. कुणी नाही सांगितलं. मनानेच."

"मनाने," तो पुन्हा म्हणाला, आणि हसला. मला ते हसू आवडलं नाही. मग टेबलावर जाऊन बसला. हातात काम नाही, काही नाही, नुसते हात मांडीवर. मला शिव्या देईल, मारील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग मायल्स आला. दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"दादा, सांग खोटं आहे ते."

गिल्बर्टने मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले.

"तू मला सांगितलं होतंस, डगले दिले म्हणून. मी इथे, ह्या चुलीपाशी बसलो होतो. निरोप कसला? बाजारात चल. माझ्याबरोबर चल आणि सगळ्यांसमोर सांग, की मी हे म्हटलं नाही!"

"मायल्स," मी म्हणाले, "फाशी देतील रे."

"मला विचार, वहिनी, फाशी काय असते! ज्याने मला तिथून उतरवलं, त्याला ह्याने खुनी ठरवलं!" आणि गिल्बर्टला — "दादा, एकदा मान तरी हलव. खोटं आहे ना?"

गिल्बर्टने मान हलवली नाही. ना हो, ना नाही. आपल्या हातांकडे बघत राहिला.

मायल्स उंबऱ्यावर थुंकला. "तुझ्यापेक्षा तो नोकर बरा. तो निदान पिऊन बोलला होता."

त्याचे कपडे मी गाठोड्यात बांधून ठेवले. नेले नाहीत.

२४ एप्रिल

पहाटे कुणीतरी दाराला शेण फासलंय. मी धुतलं.

२ मे

गंमत बघा — निम्मं शहर आमच्यावर थुंकतं, आणि निम्मं मुद्दाम काम आणून देतं. मोठ्या घरच्या बायका येतात, कापड हातात धरून हळूच विचारतात, "तुम्हीच ना ते? खरंच का हो असा निरोप आला?" गिल्बर्ट त्यांची मापं घेतो. मी म्हणते, "बाई, हात जरा वर करा."

१९ ऑगस्ट

मायल्स नदीपलीकडे चांभारांच्या गल्लीत राहतो. आज बाजारात दिसला. मी हाक मारली. त्याने मला पाहून टोपी काढली, आणि वाट बदलली.

६ जानेवारी १४८७

गिल्बर्ट हल्ली लहान मुलांचे कपडे घेत नाही. म्हणतो, डोळ्यांना त्रास होतो. माझ्यामुळे झालं हे. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर? तर मायल्स मेला असता. नाही उघडलं, तर हे. रोज रात्री मी हा हिशेब घालते आणि रोज चुकतो.

८ जून १४८७, शुक्रवार

मायल्स आला होता. वर्षाने! उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून उभा राहिला. खांद्यावर जुनं धनुष्य.

आयर्लंडहून नव्या राजाविरुद्ध फौज उतरली आहे. त्यांच्याबरोबर एक पोरगा. राजघराण्याचा म्हणतात. तिकडे त्याला मुकुटसुद्धा घातला. तो कोण, ह्यावर वाद आहेत. कुणी म्हणतं त्या दोन पोरांचा चुलतभाऊ, कुणी म्हणतं कुणा कारागिराचं पोर पढवून उभं केलंय.

"मला ठाऊक आहे कोण ते," मायल्स म्हणाला. डोळे तापल्यासारखे चमकत होते. "वहिनी, तुझ्या हातच्या अस्तराने जगलेलं पोरगं आहे ते! दोघांतला एक. डगले गेले म्हणजे पोरं होती. पोरं होती म्हणजे आमच्या राजाने मारलं नाही. साधी गोष्ट आहे. ह्या वेळी मी उशिरा पोचणार नाही."

मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. "अरे तुला काय माहीत कोण ते पोर! जाऊ नकोस."

"तू शिवलेस ना गं डगले?"

"शिवले."

"दादाने पोचवले ना?"

मी गिल्बर्टकडे पाहिलं. तो टेबलावर बसला होता, पाठ आमच्याकडे. त्याची पाठ हलली. मला वाटलं आता बोलेल. मायल्सलाही वाटलं, तो थांबला. चुलीवर पेज उतू गेली तरी कुणी हललं नाही.

"सांभाळून जा," गिल्बर्ट म्हणाला. एवढंच.

मायल्सने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकले, आणि गेला. ह्या वेळी गाठोडं घेऊन गेला.

१७ जून

दक्षिणेकडे मोठी लढाई झाली. नवा राजा जिंकला. पळून आलेले सांगतात, ओढ्यात उतरून पळणाऱ्यांना तिथेच कापलं. ओढा लाल झाला होता.

१९ जून

मार्जरी सारखी येऊन बसते. तिच्या गुत्त्यात आज कुणी नाही.

२१ जून

चांभारांच्या गल्लीतला एक जण परत आला. त्याने मायल्सला पडताना पाहिलं. पहिल्या रांगेत होता. वेळेवर पोचला.

तो पोरगा जिवंत पकडला. कुणा कारागिराचाच मुलगा निघाला म्हणे. राजाने त्याला स्वयंपाकघरात कामाला लावलंय.

२२ जून

गिल्बर्टने आज मला जवळ बसवलं. म्हणाला, "डगले घेतले नाहीत गं त्यांनी. मी किल्ल्याच्या दारात उभा होतो, गाठोडं हातात. कोठाराचा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, आता गरज उरली नाही. तिथे आम्ही दोघंच होतो. मी येताना पुलावरून दगड बांधून सोडले. तुला सांगवेना. तू बाह्यांत कापड ठेवलं होतंस."

"का नको, ते म्हणाला का तो?" मी विचारलं.

"नाही," गिल्बर्ट म्हणाला. "आणि मी विचारलं नाही."